पानाला मुदत घालणाऱ्या बाई

सोनकांबळे बाई सकाळी ऑफिसात आल्या की पहिलं वाक्य "जयभीम", आणि दुसरं, "काढलं का?" गाडी निघाली का, चहा झाला का, कोण आलंय, कोण गेलंय, काही नाही. थेट "काढलं का?" नवीन माणूस पार गोंधळून जायचा. काय काढलं? कुठून काढलं? आम्हा जुन्यांना ठाऊक होतं. काल होऊन गेलेल्या शिबिराची सूचना वेबसाइटवरून काढली का, एवढंच बाईंना हवं असायचं.

आमची संस्था लोहाऱ्यात आहे. डोळ्यांची शिबिरं घ्यायची, तपासणीची गाडी गावोगाव फिरवायची, मोतीबिंदूच्या पेशंटना शहरात ऑपरेशनला नेऊन परत घरी पोचवायचं, असं आमचं काम. मी शिबिरांचं बघतो, बाई ऑफिस बघायच्या. कागदावर त्यांचं पद 'कार्यालय सहायक'. प्रत्यक्षात आमचे सचिव अण्णासुद्धा गावाला जायचं झालं तर आधी बाईंना विचारून जायचे.

ठेंगणी मूर्ती, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, चष्म्याची डबी आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक ओलं फडकं. ऑफिसच्या दाराशी सूचनांचा काळा फळा होता. दार उघडायच्या आधी बाई तो पुसायच्या. कालचं काही शिल्लक ठेवायच्या नाहीत. मी एकदा चिडवलं, "बाई, रोज फळा पुसून काय मिळतंय तुम्हाला? कोराच बरा दिसतो का?"

"कोरा फळा कुणाला फसवत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि फडकं पिळून वाळत घातलं. हेलपाटा हा शब्द त्यांच्या तोंडून मी जितक्यांदा ऐकला तितक्यांदा कुणाच्याच तोंडून ऐकला नाही. आपल्या चुकीनं एकाही माणसाला हेलपाटा पडता कामा नये. बाईंचं सगळं काम त्या एका गोष्टीसाठी चाललेलं असायचं. आम्हाला ते जरा अतीच वाटायचं, हे आधीच कबूल करतो.

आमची जुनी वेबसाइट अण्णांच्या कुणा ओळखीच्यानं करून दिली होती. तो गेला पुण्याला, पासवर्ड गेला त्याच्याबरोबर. साइट मात्र तशीच. तिच्यावर 'येत्या रविवारी भव्य नेत्र शिबिर' असं झळकत होतं, आणि तो रविवार होऊन तीन वर्षं झाली होती. कुणी विचारायला आलं की आम्ही हसायचो, "अहो, ती वेबसाइट जुनी आहे, तिकडं बघू नका." बाई हसायच्या नाहीत. आलेल्याला आधी पाणी द्यायच्या, मग कुठून आलात, किती वाजता निघालात ते विचारायच्या, आणि ते सगळं एका वहीत लिहायच्या. ती वही भरली तेव्हा त्यांनी ती अण्णांच्या टेबलावर ठेवली. "एवढे हेलपाटे झाले, अण्णा. आता ही साइट तरी मिटवा, न्हायतर नीट तरी करा."

झालं! नवी वेबसाइट करायची ठरलं. ती करायची म्हणजे नुसती चार पानं रंगवून चालत नाही. त्या पानांवरचा मजकूर आपला आपल्याला टाकता यावा, बदलता यावा, काढता यावा, यासाठी मागं एक व्यवस्था लागते. तिला सीएमएस म्हणतात. हे मी मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे मागची खोली."

तेव्हापासून आमच्या संस्थेत सीएमएसला मागची खोली म्हणतात. आजही म्हणतात.

पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. काय त्याचे बूट, काय त्याचा लॅपटॉप! पडद्यावर आमची नमुन्याची साइट दाखवली. वर सरकणारे फोटो, आणि पहिल्याच फोटोत मी, म्हातारीच्या डोळ्यात औषध घालताना. आईशप्पथ सांगतो, मी तिथंच विकला गेलो. अण्णाही खूश. त्यांचाही फोटो होता, दुसऱ्या नंबरवर.

बाई म्हणाल्या, "पुढचं दुकान झ्याक हाय, दादा. मागची खोली दावा."

त्यानं दाखवली. सूचना कशी टाकायची, फोटो कसा चढवायचा. बाई मान डोलवत होत्या. मग म्हणाल्या, "टाकायचं समजलं. आता काढून दावा."

"काढायचं म्हणजे, मॅडम?"

"शिबिर झालं. आता ही सूचना काढायची. मी हितं बसून काढते. कशी काढू?"

"डिलीटची रिक्वेस्ट आम्हाला मेल करायची, मॅडम. दोन वर्किंग डेजमध्ये आमची टीम करून देते."

"दोन दिवसात माणूस सोलापूरला जाऊन डोळे दाखवून घरी येतंय," बाई म्हणाल्या. "आन् तुमची टीम एक ओळ पुसती?"

त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. मी दोन दिवस बाईंशी धड बोललो नाही. त्यांनी ओळखलं असणार, कारण तिसऱ्या दिवशी डब्यातली शेंगदाण्याची पोळी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "तुझा फोटू लावू रं. पर आधी मागची खोली."

नंतर अजून दोन व्यवस्था बघितल्या. एकीत सगळं हातानं ओढून मांडायचं, दिसायला सुंदर, पण मोठ्या कॉम्प्युटरशिवाय हलायची नाही. दुसरी फुकट मिळणारी, जगभर लोक वापरतात ती. दिसायला साधी, अगदीच शाळेच्या वहीसारखी. बाईंनी निवड कशी केली, ऐका. सास्तूरला आमची एक कार्यकर्ती आहे, मंगल. तिला बोलावलं, ऑफिसच्या मागच्या लिंबाखाली उभं केलं. तिथं फोनला रेंजची एकच काडी येते. म्हणाल्या, "मंगल, ह्या दोन्हीत एकेक सूचना टाक. चहा हून यायच्या आत काढ बी." पहिलीत गोल चक्र फिरत राहिलं, चहा निवला. दुसरीत मंगलनं सूचना टाकली, दिसली, काढली, गेली. तिला दहावीच्या पुढं शिकता आलं नव्हतं, आणि फोन नवऱ्याचा होता.

"हीच," बाई म्हणाल्या. झाली निवड. अण्णांच्या समितीनं मग तीन मीटिंगा घेऊन तेच ठरवलं.

पुढं बाईंनी एका तरुण प्रोग्रॅमरला बसवून त्या व्यवस्थेत आपल्या मनासारखे दोन बदल करून घेतले. पहिला म्हणजे मुदत. कुठलंही पान टाकताना ते कधीपर्यंत खरं आहे ती तारीख भरायचीच. भरली नाही तर पान पुढं जायचंच नाही. मुदत संपली की पान आपोआप उतरायचं. दुसरा बदल म्हणजे दोन सह्या. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचं. आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मी एकदा घाईत माझा पासवर्ड मंगलला देताना त्यांनी ऐकलं, तर अशा बघितल्या माझ्याकडं की मी तो तिथल्या तिथं बदलला.

ह्या मुदतीनं आमच्या नाकी नऊ आणले, हो! अण्णांचा जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार झाला. अण्णांनी स्वतः बातमी लिहिली, फोटो लावला. बाईंनी वाचली, मंजूर केली, मुदत घातली आठ दिवस. नवव्या दिवशी अण्णांचे व्याही साइट बघायला बसले, तर बातमी गायब. अण्णा तणतणत आले, "बाई, माझा सत्कार काय शिळा झाला?"

"सत्कार न्हाय शिळा झाला, अण्णा. बातमी झाली," बाई म्हणाल्या. "जुन्या बातम्यांची खोली येगळी हाय, तितं ठिवलीया जपून. व्याह्यांना तितं न्या." अण्णांनी हात टेकले. तरी रागावले नाहीत. बाईंवर रागावणं कुणाला जमायचं नाही, कारण त्यांच्या हट्टात त्यांचा स्वतःचा फायदा शोधून सापडायचा नाही.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली.

आमच्याकडं वेळ सांगायची ती बाजारावर. लोहाऱ्याचा आठवडी बाजार हेच आमचं कॅलेंडर. पाहुणा कधी येतोय? पुढच्या बाजारी. लग्नाची बोलणी कधी? दोन बाजार होऊ द्या. त्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नावनोंदणी चालू होती. मी पान लिहिलं, 'नावनोंदणी महिनाभर चालू. गाडी पुढच्या बाजारी सकाळी आठ वाजता एसटी स्टँडसमोरून सुटेल.' मुदत महिन्याची घातली, कारण नोंदणी महिनाभर होती. बाईंनी वाचलं, मुदत बघितली, मंजूर केलं. गाडी गेली, पेशंट आले, सगळं सुरळीत.

तीन आठवड्यांनी बाजाराच्याच दिवशी एक म्हातारा दारात उभा. नळदुर्गाकडच्या एका खेड्यातला. बायकोचा हात धरलेला. तिला अगदी कमी दिसत होतं. पायरी आली की तो सांगायचा, मग ती पाऊल उचलायची.

"साहेब, गाडी कवा निगती?" त्यानं मला विचारलं.

"कसली गाडी, बाबा?"

"मोतीबिंदूची. सूनबाई फोनवर वाचून दावती. पुढच्या बाजारी म्हनून लिवलंय. आमी स्टँडावर बसून ऱ्हातो, गाडी येतच न्हाय. घरी गेल्यावर सूनबाई पुना वाचती, तर पुना पुढच्या बाजारीच. तिसऱ्यांदा आलाव बगा आज."

मला आधी हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू. मग त्या म्हातारीकडं लक्ष गेलं. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती, कारण माणसं कुठल्या बाजूला आहेत ते तिला कळत नव्हतं.

बाई आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या, म्हातारीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग फोनवर ते पान उघडून वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही.

"बालाजी," त्या म्हणाल्या, "ह्ये म्या बी वाचलं व्हतं."

"चूक माझी आहे, बाई. मी लिहिलं."

"म्या सही केली. मला बी त्ये बरोबरच वाटलं." आवाज अगदी खाली गेला होता. "तोंडानं सांगताना चालतंय रं. आपन समोर उभं असतोय. पान वाचनारा कवा वाचंल, आपल्याला काय ठावं?"

त्या दोघांना मंगलबरोबर जेवायला पाठवलं. बाई जागेवर बसून राहिल्या. आणि त्या दिवशी, एकदाच, त्यांनी मला त्र्याण्णवच्या भूकंपाचं सांगितलं. तेव्हा त्या सास्तूरला माहेरी होत्या. भावाच्या पायावर भिंत पडली, त्याला ट्रकमध्ये घालून सोलापूरला नेलं. गावात एका तंबूला जखमींची यादी लावली होती. यादीत भावाचं नाव, दवाखान्याचं नाव. बाई मिळेल त्या ट्रकनं सोलापूरला गेल्या. तिथं कळलं, त्याला दोन दिवसांपूर्वीच सोडलाय. तो कुबडी घेऊन बहिणीला शोधायला गावाकडं निघालेला. गावात त्याला सांगितलं, ती सोलापूरला गेली. तो परत फिरला.

"तीन दिस आमी दोघं एकमेकाला हुडकत व्हतो," बाई म्हणाल्या. "दोघं बी जित्ते. आन् दोघांनी बी मनात एकमेकाला माती दिली. कशापायी? तर यादी लावनाऱ्यानं लावली, आन् काढायला कुनी आलंच न्हाय."

इतकी वर्षं ह्या बाईच्या "काढलं का" ला मी मनातल्या मनात वैतागत होतो, त्याची लाज वाटली.

बाईंनी साइटवरच एक पान टाकलं. 'आमच्या चुकीच्या सूचनेमुळे काही पेशंटना विनाकारण यावं लागलं. क्षमा करावी. गाडीची तारीख, वार, वेळ खाली दिली आहे.' खाली नाव स्वतःचं. माझं नाव घालू दिलं नाही. पुढच्या गाडीच्या दिवशी पहाटे त्या स्वतः जीप घेऊन त्या खेड्यात गेल्या आणि दोघांना घेऊन आल्या. ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली, तेव्हा बाई समोर होत्या. म्हातारीनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "तूच व्हय गं ती पुढच्या बाजारची?"

आम्ही सगळे खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हातारीचे हात हातात घेऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवर कागद लागला. पानावर लिहायचे नाहीत असे शब्द. आज, उद्या, येत्या, पुढच्या, लवकरच. 'लवकरच'च्या खाली दोन रेघा. ह्या शब्दावर बाईंचा भारी राग. "लवकरच म्हंजे कवा? ज्याला ठावं न्हाय त्यो लिवतोय लवकरच."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही शाल-नारळ, भाषणं असा सगळा घाट घातला. अण्णा बोलताना रडले. बाईंना बोला म्हटलं तर उठून एवढंच म्हणाल्या, "मंगलला समदं शिकवलंय. काढत जावा." आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस सुनं सुनं वाटत होतं. फळा कुणी पुसला नव्हता. मी सहज साइटवर 'आमची माणसं' हे पान उघडलं. म्हटलं, बाईंचा फोटो बघावा. तर फोटो नाही! नाव नाही, नंबर नाही. बाईंच्या जागी मंगलचं नाव. माझं डोकंच फिरलं. मंगलवर ओरडलो, "बाईंना जाऊन एक दिवस झाला नाही आणि तू त्यांना पुसून टाकलंस? काही वाटतं का?"

मंगल रडायला लागली. तिनं मागची खोली उघडून दाखवली. तिथं प्रत्येक बदल कुणी, कधी केला ते राहतं. बाईंच्या नावाला मुदत खुद्द बाईंनी घातली होती. सहा महिन्यांपूर्वीच. निवृत्तीच्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या वेळेची.

मी मंगलची माफी मागितली आणि बाईंना फोन लावला. "बाई, निदान आठ दिवस तरी राहू द्यायचं होतं की हो!"

"आरं, म्या हितं लसूण सोलत बसलेय," पलीकडून आवाज आला. "कुनी पेशंटनं माझा नंबर बगून फोन केला, तर काय सांगू त्याला? लसूण घे?" मी हसलो, आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसले.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर तीनेक महिन्यांनी. तेव्हा त्या सास्तूरला राहत होत्या, पुढं मुलीकडं नांदेडला राहायला गेल्या. आता फोनवर बोलणं होतं, पण बाई म्हटलं की मला ती सकाळच आठवते.

लोहाऱ्यात शिबिर होतं. सकाळी सहालाच डॉक्टरांचा फोन आला. ताप भरलाय, येणं होत नाही. मी अंथरुणातून उठायच्या आधी पान बदललं, मंगल तेव्हा लोहाऱ्यातच राहायची, तिनं तिकडून मंजूर केलं. 'आजचं' असं न लिहिता तारीख-वार घालून शिबिर रद्द, नवी तारीख अमुक. मग गावोगावच्या कार्यकर्त्यांना फोन केले. तरी जीव थाऱ्यावर येईना. गावांतल्या थांब्यांच्या भिंतींवर खडूनं शिबिराची तारीख लिहिलेली असते, ती कोण पुसणार? मोटारसायकल काढली आणि सास्तूरच्या रस्त्याला लागलो. एकेक थांबा पुसत गेलो.

सास्तूर फाटा शंभर पावलांवर राहिला आणि मला बाई दिसल्या. एक वडाप जीप माणसं भरत उभी होती. बाईंबरोबर त्यांच्या शेजारघरची म्हातारी, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली. म्हातारी आत बसली होती. बाईंचा एक पाय जीपच्या पायरीवर, एक खाली. ड्रायव्हर घाई करत होता. बाईंनी चष्मा कपाळावर सारला, हात लांब करून फोन धरला आणि वाचायला लागल्या. त्यांना कुणी फोन केलेला नव्हता. बाईंना कळवायचं कुणाच्या यादीतच नव्हतं. त्यांचं नाव त्यांनीच तर काढून टाकलं होतं. वाटलं, रेंज असू दे. पान उघडू दे.

बाईंनी पाय खाली घेतला. म्हातारीला हात देऊन उतरवलं. ड्रायव्हर काहीतरी बोलला, त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. जीप गेली.

मी हाक मारली नाही. मारली असती तर म्हणाल्या असत्या, "तू कशाला आलास? पान हाय की."

म्हातारीला त्यांनी थांब्याच्या कट्ट्यावर बसवलं. मग पिशवीत हात घातला. प्लास्टिकची पिशवी निघाली, तिच्यातून फडकं. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, तरी फडकं पिशवीत! भिंतीवर खडूनं लिहिलेली शिबिराची तारीख त्यांनी पुसली. टाचा उंच करून वरची ओळ पुसली. फडकं पिळलं, घडी घातली, आत ठेवलं. म्हातारीचा हात धरला आणि दोघी गावाच्या रस्त्यानं हळूहळू घरी निघाल्या.

त्या दिसेनाशा होईपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग थांब्यापाशी गेलो. भिंत अजून ओली होती. खिशातला फोन वाजला. मंगल होती.

"दादा," तिनं विचारलं, "सास्तूर फाट्यावरचं काढलं का?"

"काढलं," मी म्हणालो.